बेथोव्हेनचे बत्तीस सोनाटे आणि ज्येष्ठ वादकांची ध्वनिमुद्रणे

लुडविग फान बेथोव्हेन (१७७०–१८२७) याने एकट्या पियानोसाठी ३२ सोनाटे रचले. पहिले तीन १७९५ च्या सुमारास पुरे झाले आणि शेवटचा १८२२ मध्ये. सगळे सलग वाजवले तर सुमारे दहा तास लागतात. एकाच वादकाने हे बत्तीसही सोनाटे ध्वनिमुद्रित करणे हे पाश्चात्त्य अभिजात संगीतातले फार मोठे काम मानले जाते. काहींनी ते तरुणपणी केले. पण रसिक ज्या संचांकडे पुन्हापुन्हा वळतात, त्यांतले बरेचसे पन्नाशी, साठी, सत्तरी गाठलेल्या वादकांचे आहेत. स्वरलेखन सगळ्यांसमोर एकच असते. तरीही दोन ज्येष्ठांचे वादन सारखे ऐकू येत नाही, आणि एकाच वादकाने वीस वर्षांनी तोच सोनाटा पुन्हा वाजवला तर तोही बदललेला असतो. हा फरक कुठून येतो हे कळण्यासाठी वाद्य, रचना, शिष्यपरंपरा आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्र अशा चार गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात.

पियानो: एकदा निसटलेला सूर

मराठवाड्यातल्या वाचकाच्या ओळखीचे पट्ट्यांचे वाद्य म्हणजे पेटी. बिलोली, देगलूर, मुखेड या भागांतल्या भजनी मंडळांत ती असतेच. पियानो मात्र क्वचितच दिसतो. दोन्ही वाद्यांची वरची मांडणी एकच आहे: सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या. दोन्हींत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. आवाज निघण्याची रीत मात्र वेगळी आहे. पेटीत भात्यातली हवा धातूच्या पातळ पत्तीला थरथरवते, आणि हवा मिळते तोवर सूर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली लाकडी हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. त्या क्षणापासून सूर विरत जातो. वादकाला तो वाढवता येत नाही, आंदोलन देता येत नाही, मींड घेता येत नाही.

म्हणून पियानोवादकाची सारी कला त्या आघाताच्या क्षणात आणि दोन सुरांमधल्या जागेत साठलेली असते. हातोडी किती वेगाने जावी, आधीचा सूर पुरता विरण्यापूर्वी पुढचा केव्हा लावावा, दहा बोटांपैकी कोणत्या बोटावर वजन द्यावे, पायाखालचे पेडल केव्हा दाबावे आणि केव्हा सोडावे, एवढीच साधने त्याच्या हाती असतात. पेडल दाबले की तारांवर टेकलेल्या नमद्याच्या गाद्या उचलल्या जातात आणि सगळ्या तारा घुमत राहतात. ते सोडले की आवाज थांबतो. विरत जाणाऱ्या सुरांमधून अखंड गाण्याचा भास निर्माण करणे ही पियानोवादकाची आयुष्यभराची साधना असते.

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास हे वाद्य तयार केले. बोटाच्या दाबानुसार लहान-मोठा आवाज काढण्याची त्याची सोय आधीच्या हार्पसिकॉर्डला नव्हती. बेथोव्हेन तरुण होता तेव्हाचे पियानो पाच सप्तकांचे, हलक्या लाकडी चौकटीचे होते. लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीने त्याला भेट पाठवलेला सहा सप्तकांचा पियानो १८१८ मध्ये त्याच्यापर्यंत पोहोचला. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या आणि ओतीव लोखंडाची चौकट असते, आणि तिच्यावर तारांचा एकूण ताण सुमारे २० टन असतो. त्यामुळे बेथोव्हेनने कागदावर लिहिलेली सूचना आजच्या वाद्यावर जशीच्या तशी पाळता येतेच असे नाही. ‘मूनलाइट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या सोनाट्याचा पहिला भाग तारांवरच्या गाद्या उचललेल्या ठेवूनच वाजवावा, असे त्याने लिहिले आहे. त्याच्या पियानोवर सूर लवकर विरत, म्हणून ते शक्य होते. आजच्या पियानोवर तसे केले तर सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. वादकाला अर्धे पेडल दाबून किंवा ते बारकाईने बदलत राहून मधला मार्ग काढावा लागतो. दोन वादकांतला फरक इथूनच सुरू होतो.

सोनाटा: षड्जाचा प्रवास

सोनाटा ही बहुधा तीन किंवा चार स्वतंत्र भागांची रचना असते. पहिला भाग बहुतेक वेळा जलद असतो, मधला संथ, आणि शेवटचा पुन्हा जलद. चार भाग असतील तर मध्ये एखादा नृत्याच्या लयीचा किंवा खेळकर भाग येतो. बेथोव्हेनने हा साचा हवा तसा बदलला. त्याच्या काही सोनाट्यांत दोनच भाग आहेत.

पहिल्या भागाची बांधणी सर्वांत महत्त्वाची असते. हिंदुस्तानी ख्यालात षड्ज ठरला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. तंबोरा त्याची आठवण सतत देत असतो, आणि सारा विस्तार त्या स्थिर आधारावर उभा राहतो. सोनाट्यात खुद्द आधारस्वरच जागा बदलतो. समजा, सोनाटा पांढरी एक पट्टीत सुरू झाला. पहिली सुरावट त्या पट्टीत येते. मग संगीत हळूहळू आधार सोडून पांढरी पाच पट्टीकडे, म्हणजे मूळ षड्जाच्या पंचमाकडे सरकते आणि तिथे दुसरी सुरावट मांडते. इथवर प्रस्तुती झाली. पुढे विस्तार येतो. त्यात या सुरावटींचे तुकडे पडतात, ते निरनिराळ्या पट्ट्यांतून फिरतात आणि ताण वाढत जातो. शेवटी पुनरागमन: पहिली सुरावट मूळ पट्टीत परत येते, आणि या वेळी दुसरीही त्याच पट्टीत वाजते. सुरुवातीला दोन पट्ट्यांत विभागलेले संगीत एका पट्टीत एकत्र येते, तेव्हा ऐकणाऱ्याला घरी पोहोचल्याचे समाधान मिळते.

ही वाट ठरलेली असल्यामुळेच ती मोडण्याला अर्थ येतो. १८०३–०४ मधल्या ‘वाल्डस्टाइन’ सोनाट्यात दुसरी सुरावट पांढरी पाचऐवजी पांढरी तीनच्या पट्टीत येते. ऐकणारा नेहमीच्या वाटेची अपेक्षा करत असतो आणि अचानक वेगळ्याच उजेडात जाऊन पोहोचतो. असे वळण आधीच सुचवायचे की ते एकदम समोर आणायचे, हा निर्णय वादकाचा असतो.

हायडनने पन्नासाच्या आसपास आणि मोझार्टने अठरा पियानो सोनाटे रचले होते. बेथोव्हेनने त्यांच्याकडून साचा घेतला. आपले पहिले तीन सोनाटे त्याने हायडनलाच अर्पण केले. त्याच्या सोनाट्यांचे साधारण तीन कालखंड मानतात. पहिल्यात १७९८–९९ चा ‘पॅथेटिक’ येतो. १८०२ मध्ये हायलिगनश्टाट या गावी त्याने आपल्या वाढत्या बहिरेपणाविषयी भावांना उद्देशून एक हृदयद्रावक पत्र लिहिले. ते कधी पाठवले गेले नाही आणि त्याच्या मृत्यूनंतर सापडले. त्यानंतरच्या मधल्या काळात ‘वाल्डस्टाइन’ आणि ‘अपासिओनाटा’ यांसारख्या विशाल, झंझावाती रचना आल्या. अखेरच्या काळात तो जवळजवळ पूर्ण बहिरा होता. १८१६ ते १८२२ दरम्यान त्याने शेवटचे पाच सोनाटे लिहिले. त्यांपैकी ‘हॅमरक्लाव्हिअर’ एकटाच सुमारे पाऊण तासाचा आहे. एकोणिसाव्या शतकातला वादक हान्स फोन ब्यूलो याने बाखच्या ‘वेल-टेंपर्ड क्लाव्हिअर’ला पियानोवादकांचा जुना करार आणि या ३२ सोनाट्यांना नवा करार म्हटले. एका माणसाच्या विशीपासून पन्नाशीपर्यंतचे संगीत या संचात सलग सापडते, हे त्याचे मोठेपण आहे.

गुरु-शिष्यांची साखळी

पाश्चात्त्य संगीत कागदावर लिहिलेले असते म्हणून तिथे गुरूची गरज कमी, असा समज चुकीचा आहे. स्वरलेखनात सूर आणि मात्रा मिळतात. पण वाक्य कुठे श्वास घेते, जोर म्हणजे नेमका किती जोर, संथ म्हणजे किती संथ, हे हातातून हातात जाते. बेथोव्हेनच्या बाबतीत ही साखळी स्पष्ट दाखवता येते. कार्ल चेर्नी दहा वर्षांचा असताना बेथोव्हेनकडे शिकू लागला. चेर्नीचे दोन शिष्य पुढे स्वतः मोठे गुरू झाले: फ्रान्झ लिस्ट आणि थिओडोर लेशेटित्स्की. लेशेटित्स्कीचा शिष्य आर्टुर श्नाबेल (१८८२–१९५१). लिस्टचा शिष्य मार्टिन क्राउझ, आणि क्राउझकडे बर्लिनमध्ये शिकलेला चिलीचा मुलगा म्हणजे क्लॉडिओ अराऊ (१९०३–१९९१). विल्हेल्म केम्फ (१८९५–१९९१) याचे गुरू हाइन्रिख बार्ट हे ब्यूलोकडे शिकले होते, आणि ब्यूलो लिस्टकडे.

म्हणजे श्नाबेल आणि अराऊ एकाच मूळ पुरुषाच्या दोन शाखांतले. तरीही त्यांचे वादन अगदी भिन्न आहे. अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली गायकीतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोन स्वतंत्र गायिका घडल्या. ज्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, त्यांना इथे नवल वाटणार नाही. परंपरा शिष्याला शिस्त देते; त्या शिस्तीतून स्वतःचे म्हणणे काढायला मात्र त्याला आयुष्य द्यावे लागते.

चार मिनिटांची तबकडी आणि श्नाबेल

विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिमुद्रण मोठ्या कर्ण्यासमोर होत असे. मायक्रोफोन १९२५ पासून रुळला. त्याआधी पियानोचा आवाज तबकडीवर पातळ आणि दूरचा उमटे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचे संगीत मावत असे. १९०९ मध्ये विल्हेल्म बॅकहाउस या पियानोवादकाने ग्रीगचा पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, तबकडीवर वाजवला, तोही कापून काही मिनिटांवर आणलेला होता.

ही अडचण आपल्याकडेही तीच होती. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत बसवण्याचे नवे तंत्र गायकांना शिकावे लागले. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या तबकड्यांत ते तंत्र किती उंचीला गेले हे ऐकू येते. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ मात्र १९४६ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे नव्हती. ज्येष्ठ कलावंताचे ध्वनिमुद्रण न होणे म्हणजे काय गमावणे, हे मराठी रसिकांना या एका उदाहरणावरून कळते.

गौहर जान यांचा आवाज टिपणारा तोच गेसबर्ग तीस वर्षांनी लंडनमध्ये आर्टुर श्नाबेलची मनधरणी करत होता. श्नाबेलने १९२७ मध्ये, बेथोव्हेनच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, बर्लिनमध्ये सात कार्यक्रमांत सगळे ३२ सोनाटे वाजवले होते. त्यांची टीपांसह संपादित आवृत्तीही त्याने काढली होती. ध्वनिमुद्रणाला मात्र त्याचा तात्त्विक विरोध होता. वादन हे त्या क्षणाचे असते, ते यंत्रात गोठवले की त्याचा जीव जातो, असे त्याला वाटे. शेवटी एचएमव्ही या ध्वनिमुद्रण कंपनीने एक योजना आखली. ‘बेथोव्हेन सोनाटा सोसायटी’ स्थापन झाली. रसिकांनी आगाऊ वर्गणी भरायची आणि तबकड्यांचे संच एकामागून एक घ्यायचे. त्यामुळे कंपनीचा धोका कमी झाला आणि कलावंताला बाजाराकडे पाहून निवड करावी लागली नाही.

१९३२ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम सुरू झाले आणि १९३५ मध्ये संपले. तेव्हा जोडकाम नव्हते. चार मिनिटांच्या बाजूत एक सूर चुकला तर ती पूर्ण बाजू पुन्हा वाजवावी लागे. लांब भाग मध्येच थांबवून, दुसऱ्या तबकडीवर त्याच लयीत आणि त्याच भावात पुन्हा उचलावा लागे. शेवटच्या सोनाट्याचा पंधरा मिनिटांहून लांब असलेला संथ भाग अशा चार-पाच तुकड्यांत वाजवायचा, तर वादकाच्या मनात पूर्ण रचनेचा नकाशा पक्का असावाच लागतो. या तीन-चार वर्षांतच, १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू असलेल्या श्नाबेलला बर्लिन सोडावे लागले. उरलेले काम त्याने निर्वासित म्हणून केले.

या तबकड्यांत चुका आहेत. ‘हॅमरक्लाव्हिअर’ या एकाच सोनाट्यासाठी बेथोव्हेनने यंत्राने मोजता येईल अशी लय लिहून ठेवली आहे, आणि ती कमालीची जलद आहे. श्नाबेलने ती प्रामाणिकपणे गाठायचा प्रयत्न केला. त्यात सूर सुटले, बोटे घसरली. तरी हा बत्तीस सोनाट्यांचा पहिला संपूर्ण संच नव्वद वर्षांनंतरही मानदंड मानला जातो. याचे कारण संथ भागांत आहे. सूर जवळजवळ थांबलेला असताना विचार थांबत नाही, पुढचा सूर येणारच अशी खात्री वाटत राहते. सुबक वादनापेक्षा रचनेचा अर्थ मोठा, हा आदर्श या संचाने पुढच्या सगळ्या वादकांसमोर ठेवला.

लाँग प्लेनंतरचे ज्येष्ठ

१९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. चुंबकीय फितीमुळे चुकलेली जागा कापून दुसरी जोडता येऊ लागली, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ आला. सगळे सोनाटे ध्वनिमुद्रित करणे आता अधिक वादकांच्या आवाक्यात आले.

जर्मनीच्या विल्हेल्म केम्फने १९५१ ते १९५६ दरम्यान एक संच केला आणि १९६४–६५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, स्टिरिओत दुसरा. त्याचा आघात हलका आणि स्वच्छ आहे. मोठ्या आवाजाच्या जागीही तो ओरडत नाही, आणि गाणारी ओळ सतत वर ठेवतो. पाश्चात्त्य संगीताची सवय नसलेल्या श्रोत्याला केम्फ सर्वांत लवकर आपलासा वाटतो, कारण त्याच्या बोटांतून सुरावट गळ्यातून आल्यासारखी येते.

विल्हेल्म बॅकहाउस (१८८४–१९६९) याचा पिंड वेगळा होता. सजावट नाही, रेंगाळणे नाही, भक्कम लय. त्याने १९५० च्या दशकात पूर्ण संच केला आणि उतारवयात स्टिरिओत दुसरा सुरू केला. त्यात एकटा ‘हॅमरक्लाव्हिअर’ राहून गेला. २८ जून १९६९ रोजी ऑस्ट्रियातल्या ओसियाख येथील चर्चमध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी तो बेथोव्हेनचा एक सोनाटा वाजवत असताना तिसऱ्या भागात त्याची प्रकृती बिघडली. थोडी विश्रांती घेऊन त्याने चौथ्या भागाऐवजी शूमानच्या छोट्या रचना वाजवून कार्यक्रम पुरा केला. आठवडाभराने, ५ जुलैला, तो वारला. त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे.

एमिल गिलेल्स (१९१६–१९८५) या ओडेसात जन्मलेल्या वादकाने १९७२ पासून एकेक सोनाटा ध्वनिमुद्रित करायला घेतला. त्याच्या पोलादी ताकदीची ख्याती होती, पण या संचात त्या ताकदीवर कडक संयम आहे. मृत्यू आला तेव्हा पाच सोनाटे बाकी होते, आणि त्यांत शेवटचाही होता. सत्तावीस सोनाट्यांचा हा अपुरा संच आजही मोठ्या आदराने ऐकला जातो. अराऊने १९६० च्या दशकात एक संच पूर्ण केला आणि वयाच्या ऐंशीच्या सुमारास दुसरा हाती घेतला. त्यातही ‘हॅमरक्लाव्हिअर’ आणि ‘मूनलाइट’ राहून गेले. अराऊची लय संथ आहे. प्रत्येक सुराला तो वजन देतो आणि दुय्यम वाटणारी ओळही झाकू देत नाही.

हंगेरीच्या ॲनी फिशर (१९१४–१९९५) यांची गोष्ट या सगळ्यांहून निराळी आहे. श्रोते समोर नसताना वाजवणे त्यांना मान्य नव्हते. १९७७–७८ मध्ये त्यांनी बुडापेस्टमध्ये संच ध्वनिमुद्रित केला, पण पुढे वर्षानुवर्षे त्या त्यात दुरुस्त्या करत राहिल्या आणि तो प्रसिद्ध करायला त्यांनी संमती दिली नाही. संच बाहेर आला तो त्यांच्या मृत्यूनंतर. ज्याला त्यांनी अपुरे मानले, ते आज या रचनांच्या सर्वांत जिवंत ध्वनिमुद्रणांत गणले जाते.

आल्फ्रेड ब्रेंडेल (१९३१–२०२५) याने १९६०, १९७० आणि १९९० च्या दशकांत असे तीन संच केले. एका माणसाचे विचार तीन टप्प्यांवर कसे बदलले हे त्यांतून तपासता येते. इटलीच्या मॉरिझिओ पोलिनीने १९७५ मध्ये शेवटच्या सोनाट्यांपासून सुरुवात केली आणि २०१४ मध्ये, एकोणचाळीस वर्षांनी, संच पुरा केला. डॅनियल बारेनबॉइमने विशीत असताना पहिला संच केला होता. २०२० मध्ये महासाथीमुळे सभागृहे बंद असताना त्याने बर्लिनमध्ये सगळे सोनाटे पुन्हा ध्वनिमुद्रित केले.

वयाने काय बदलते

वयाबरोबर बोटांचा वेग कमी होतो, ताकद घटते, लांब उड्या चुकू लागतात. हे शरीराचे सत्य आहे आणि ध्वनिमुद्रणांत ते ऐकू येते. पण त्याच वेळी तीन गोष्टी वाढतात. पहिली, प्रमाणाची जाण. अनेक वर्षे तोच सोनाटा वाजवलेल्या वादकाला पहिल्या सुरापासून शेवट दिसत असतो, त्यामुळे तो मधल्या शिखरावर सगळे बळ उधळत नाही. दुसरी, शांततेचा उपयोग. तरुण वादक दोन वाक्यांमधली जागा भरून काढतो, तर ज्येष्ठ वादक ती रिकामी ठेवू शकतो, आणि त्या रिकाम्या जागेमुळे पुढच्या सुराला अर्थ येतो. तिसरी, निवड. सगळे काही दाखवण्याची गरज संपलेली असते. दोन्ही हातांत मिळून चार ओळी चालू असताना श्रोत्याचे लक्ष नेमके कोणत्या ओळीकडे न्यायचे, हे ठरलेले असते. पियानोत सूर लावल्यावर दुरुस्त करता येत नसल्यामुळे हा निर्णय आधीच व्हावा लागतो, आणि तो पिकायला वर्षे लागतात.

मुंबई, गोवा आणि पेटी

महाराष्ट्रात या संगीताचे घर मुख्यतः मुंबई आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून आलेले वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटसंगीतात स्थिरावले. धोबी तलावच्या परिसरात वाद्ये आणि स्वरलेखनाची पुस्तके विकणारे फुर्टाडोज हे दुकान १८६५ पासूनचे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झाले. नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजे एनसीपीए, आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद चालवला आहे. दमट हवेत पियानोचे लाकूड फुगते, तारा गंजतात आणि सूर उतरतात. कडक उन्हाळ्यात लाकूड आक्रसते. त्यामुळे हे वाद्य सांभाळणे आपल्या हवामानात खर्चिक ठरते आणि ते मोठ्या शहरांपलीकडे फारसे पसरले नाही.

महाराष्ट्राने पट्ट्यांच्या वाद्यावरची आपली कला पेटीवर फुलवली. ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीला साथीतून बाहेर काढून एकलवादनाची प्रतिष्ठा दिली. मराठवाड्यातल्या जालन्याचे अप्पा जळगावकर (१९२२–२००९) आणि गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी ती वाढवली. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. तिचे ठरीव सूर श्रुतींना न्याय देत नाहीत आणि तिच्यावर मींड निघत नाही, हे आक्षेप त्यामागे होते. ही बंदी १९७१ पर्यंत पूर्ण उठली नव्हती. मींड नसलेल्या वाद्यातून गायकी काढण्याचा जो प्रश्न अप्पांच्या बोटांसमोर होता, तोच केम्फच्या बोटांसमोरही होता. म्हणून पेटीचे एकलवादन मन लावून ऐकलेल्या कानाला पियानो परका राहत नाही.

१९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांसोबत पृथ्वीवरचे आवाज कोरलेली सोनेरी तबकडी पाठवली गेली. तीत केसरबाईंची भैरवी आहे, ग्लेन गूल्डने पियानोवर वाजवलेला बाख आहे, आणि बेथोव्हेनही आहे. दोन्ही परंपरा मानवजातीच्या ठेव्यात शेजारी बसल्या आहेत.

कसे ऐकावे

आज हे बहुतेक सगळे संच मोबाइलवर सहज मिळतात. तीन सोनाट्यांपासून सुरुवात करता येते. ‘मूनलाइट’चा पहिला संथ भाग केम्फकडून ऐकावा आणि लगेच तिसरा वादळी भाग गिलेल्सकडून. एकाच रचनेत शांतता आणि संताप किती जवळ आहेत ते कळते. मग ‘वाल्डस्टाइन’चा पहिला भाग घ्यावा. धावत्या सुरुवातीनंतर दुसरी सुरावट कुठे येते, आधारस्वर कसा बदलतो आणि शेवटी मूळ पट्टी कशी परत मिळते, यावर कान ठेवावा. एकदा हा प्रवास ओळखू आला की इतर सोनाट्यांतही तो सापडू लागतो.

तिसरा म्हणजे शेवटचा सोनाटा, कृतिक्रमांक १११. यात दोनच भाग आहेत. पहिला झगड्याचा. दुसऱ्यात एक अगदी साधी सुरावट येते आणि मग तिची रूपे एकामागून एक उलगडतात. मूळ चाल कायम असते, पण प्रत्येक रूपात ठराविक वेळेत सुरांची संख्या वाढत जाते. एका टप्प्यावर लय इतकी उसळी घेते की पुढच्या शतकातल्या जॅझची आठवण येते, आणि अखेरीस सगळे लांब कंपस्वरांत विरघळते. बंदिश कायम ठेवून बढत करण्याची सवय असलेल्या श्रोत्याला ही रचना सर्वांत जवळची वाटेल. श्नाबेल, केम्फ आणि अराऊ या तिघांकडून ती ओळीने ऐकावी. श्नाबेल संथ लय जवळजवळ थांबेपर्यंत ताणतो, केम्फ तिला हलकी ठेवतो, अराऊ तिला खोल करतो. कागदावरचे सूर तिघांसमोर तेच होते. वेगळी होती ती त्या सुरांसोबत घालवलेली वर्षे. ज्येष्ठ वादकाच्या ध्वनिमुद्रणात श्रोत्याला रचनेबरोबर ती वर्षेही ऐकायला मिळतात, आणि या संचांचे खरे मोल त्यातच आहे.